गिळलेली हाक

त्या माणसाने मला एकदाच सांगितलं होतं. भर दुपारी, खाडीच्या बांधातल्या उघाडीच्या कठड्यावर बसून, नजर पाण्यावर ठेवून. मी ते ऐकलं, मला ते समजलं, आणि पुढे मी ते कोणालाच सांगितलं नाही. चार महिन्यांनी बांध फुटला. निसवलेली, कणसावर आलेली भातं खाऱ्या पाण्याखाली गेली, आणि गावाने त्याच माणसाला कामावरून काढलं. कारण काय, तर यानं कोणाला काही सांगितलंच नाही.

मी प्रोग्राम लिहिते. राहते अष्टमीत, म्हणजे पूल ओलांडला की रोहा. माहेर पेणच्या पुढे, जिते स्टेशनच्या खाली, खाडीच्या अंगाला. पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर आमची लहानशी कंपनी आहे. आम्ही पाण्याची उंची मोजणारे डबे बनवतो. दर पंधरा मिनिटांनी डबा पाणी मोजतो, आकडा आतल्या कार्डावर लिहितो, आणि दुसरा एक प्रोग्राम तो आकडा वाचून ठरवतो की गावाच्या मोबाईलवर ‘ठीक’ असा मेसेज पाठवायचा की भोंगा वाजवायचा. कार्डावर लिहिण्याचा भाग माझा. मी अष्टमीत स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून खाडी सांभाळते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण चालत होतं खरं.

लोकांना वाटतं लिहिणं हे काम आहे. लिहिणं कोणालाही येतं. लिहिता आलं नाही तर काय करायचं, आणि ते वरच्या प्रोग्रामला कसं सांगायचं, हे खरं काम. आणि त्यात मी स्वतःला फार हुशार समजत होते.

आणखी एक सांगून ठेवते, कारण पुढे त्याचाच प्रश्न आहे. माझ्या नाकावर राग असतो. आमच्या घरात दूध नासलं तरी मला ते शेजारणीकडून कळतं. नवरा म्हणतो, तुला वाईट बातमी द्यायची तर आधी हेल्मेट घालावं लागतं. मी हसते, आणि मग त्याला विचारते की दूध कोणी गॅसवर ठेवून विसरलं होतं.

आमच्या गावाची शेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मधे मातीचा बांध. बांधात उघाडी, म्हणजे झडपांची दारं, जी ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला मिटतात. एकदा खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. ताटात भात टाकला की आजही माझ्या डोळ्यांसमोर बांध येतो.

मी लहान होते तेव्हा उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पुनवेला, गावातली माणसं बांधावर हाकेच्या अंतरावर बसत. खेकडे बांध पोखरतात. भोक आधी बोटाएवढं असतं. ज्याला ते दिसलं त्याने हाक द्यायची. शेजारच्याने ती आधी पुढे द्यायची आणि मग कुदळ घेऊन धावायचं. हाकेत स्वतःचं शहाणपण घालायचं नाही. ‘लहानसंच आहे’, ‘मी बघतो’ असलं काही चालत नसे. आणि हाक एकदाच द्यायची, कारण दुसरी हाक आली तर दुसरं भोक पडलं असं समजत. म्हणून सगळी जोखीम ऐकणाऱ्यावर असायची. ऐकणाऱ्याने गिळली तर ती हाक कायमची गेली.

उधाण उतरलं की देवळात गावकी बसे. प्रत्येकाने उभं राहून आपण काय पाहिलं, काय ऐकलं ते सांगायचं. कोणी हाक गिळली असेल तर त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. शिक्षा अशी काही नव्हती. पण लोक ते विसरत नसत. बाबा कितीतरी वर्षं उघाडीजवळच्या पहिल्या जागेवर बसत. ते म्हणायचे, “भोक पाडतो खेकडा, खांड पाडतो मानूस.” खांड म्हणजे बांधाला पडलेलं खिंडार.

मग पोरं कंपन्यांत लागली. कोणी नागोठण्याला, कोणी रोह्याला. आज फर्स्ट शिफ्ट, उद्या नाइट. बांधावर बसणार कोण? गावकीत हा विषय निघाला तेव्हा मीच आमच्या डब्याचं सुचवलं. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या पोरीनं केलाय. माझ्यावर इस्वास हाय ना? तेवढाच डब्यावर ठेवा.” बायकांच्या बाजूला बसलेली मी फुगून गेले. आयुष्यात इतकं कौतुक त्यांनी एकदाच केलं.

डबा बसला, हाक बंद झाली; आता पाणी फार चढून भोंगा वाजला तरच माणसं बांधावर जायची. बांधावर एकच माणूस उरला, उघाडीवाला. खाडीकाठच्या आदिवासी वाडीतला. त्याचा आजा आणि बाप याच उघाडीवर मासे धरत आले, आणि आता झडपांची देखभाल गावाने त्याच्याकडे दिली होती. बोलायला कमी. पाण्याकडे बघून तो सांगायचा की आज झडप किती वाजता मिटेल, आणि ती तेव्हाच मिटायची.

वैशाखात एका लग्नासाठी मी माहेरी गेले होते. हळदीला वेळ होता म्हणून सहज डबा बघायला बांधावर गेले. नवी साडी, हातात मोबाईल. तो कठड्यावर बसला होता. डब्याला एक लहानशी काच आहे, तीत कार्डावरचा शेवटचा आकडा दिसतो.

“बाई,” तो म्हणाला, “डब्याचा आकडा मधीच बसतो.”

“बसतो म्हणजे?”

“पानी चढताय, नि आकडा तितंच.”

मी काचेकडे बघितलं. आमच्या दोघांच्या देखत आकडा बदलला. मला आलाच राग. मी केलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवली की मला येतोच. “हा बघ, हलला ना? नीट बघून सांगत जा. परत बघ.”

त्याने काचेकडे बघितलं. मग माझ्याकडे. “व्हय. हलला. ठीक हाय.”

“नक्की?”

“नक्की.”

मी हळदीला गेले. पण चालताना एक गोष्ट मनात आली होती, ती खोटं न बोलता इथे लिहायलाच हवी. खाऱ्या हवेने कार्डं खराब होतात हे मला माहीत होतं. याने जे सांगितलं ते खरं असू शकतं, हेही मला कळलं होतं. कंपनीत कळवावं असं वाटलं. मग वाटलं, तो स्वतःच ठीक म्हणाला ना, मग उगाच कशाला. हळद रंगात आली होती आणि मी नाचलेसुद्धा.

भाद्रपदात दुसऱ्या एका तालुक्यातल्या डब्याची तक्रार आली. तिथल्या फायलीत आठवडाभराचे आकडे गायब, आणि प्रोग्राम मात्र रोज म्हणतोय की सगळं लिहिलं गेलं. तक्रार माझ्याकडे आली. सर्वपित्री अमावस्येचा दिवस. घरी वाल मोडवून ठेवले होते, सोलायचे बाकी होते. म्हटलं, सकाळी तासभर बसून बघून टाकू, मग बिरडं करू.

कार्डावर लिहायचं म्हणजे काय होतं ते साध्या भाषेत सांगते. प्रोग्राम म्हणतो, हे लिही. यंत्रणा लगेच म्हणते, लिहिलं. खरं तर तिने ते नुसतं हातात धरलेलं असतं, कार्डावर ती सवडीने उतरवते. म्हणून शहाण्याने पुन्हा विचारायचं असतं, खरंच उतरलं का? उतरलं नसेल तर ती सांगते, नाही उतरलं. पण हे ती एकदाच सांगते. तुम्ही तेच दुसऱ्यांदा विचारलंत तर ती म्हणते, माझी काही तक्रार नाही. कारण तक्रार तिने मघाशीच केलेली असते आणि विषय तिच्यापुरता मिटलेला असतो. हातात धरलेलंही ती थोड्या वेळाने टाकून देते. त्यानंतर फाईल वाचणाऱ्याला मिळतो तो जुना आकडा.

हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून माहीत नव्हतं.

मग मी माझ्याच ओळी उघडल्या. सहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या. उतरलं का विचार. ‘नाही’ आलं तर दोन सेकंद थांब आणि परत विचार. ‘ठीक’ आलं तर वर सांग, ठीक. लिहिताना मला त्या फार समंजस वाटल्या होत्या. एकदा चुकलं म्हणून लगेच वरच्याला कशाला घाबरवायचं, असा माझा मोठा उदार विचार होता. दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘ठीक’ येतंच हे मला तेव्हा अनुभवाने माहीत होतं, आणि ते का येतं हे मी कधी बघितलं नव्हतं.

 मी माहेरच्या डब्याची फाईल उघडली. पहाटेपासूनच्या शेवटच्या चौदा नोंदी. चौदाही वेळा तोच आकडा, आणि प्रत्येकापुढे ‘ठीक’. खाडी कधी एका आकड्यावर बसत नाही. भरती आणि ओहोटी बदलताना क्षणभर थबकते तेवढीच. त्या क्षणी वैशाखातलं वाक्य माझ्या कानात जसंच्या तसं आलं, त्याच्या आवाजासकट. आकडा मधीच बसतो.

अमावस्येचं उधाण साडेबाराच्या सुमारास चढतं. मी घड्याळ बघितलं, वाल तसेच टाकले, नवऱ्याला दोन शब्दांत सांगितलं आणि रोह्याला जाऊन पनवेलकडे जाणारी गाडी धरली. गाडी रिकामीच होती. खिडकीशी बसून मी फोन लावत सुटले. उघाडीवाल्याचा फोन संपर्काबाहेर. भावाचा बंद, कारण त्याची फर्स्ट शिफ्ट आणि त्यांच्या कंपनीत मोबाईल गेटवर जमा करतात. घरचा फोन वाजत राहिला. पितरांचं पान ठेवायला सगळे परसात असणार.

पेणच्या ऑफिसात लावला. तिथला सहकारी म्हणाला, “मॅडम, स्क्रीनवर तर हिरवं आहे.”

“हिरवं खोटं आहे.”

“म्हणजे? ठीक दाखवतंय.”

“माहीत आहे! ते मीच लिहिलंय!” मी ओरडले. समोरच्या बाकावरची बाई सरकून बसली. सहकारी गप्प झाला. मी ओरडल्यावर माणसं गप्प होतात, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

कासूला मालगाडीसाठी आमची गाडी थांबवून ठेवली. किती वेळ ते सांगत नाही, मला तो खूप वाटला. बाहेर हिरवी भातं उभी होती, ऊन होतं, कुठे काही वाईट चाललंय असं जराही दिसत नव्हतं. माझ्या मोबाईलवर दर पंधरा मिनिटांनी मेसेज येत होता. ठीक. पुन्हा ठीक. तो शब्द माझ्याच हाताने लिहिलेला होता. मी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला.

पेण गेलं आणि बाबांचा फोन लागला. मागे कावळे ओरडत होते.

“बाबा, बांधावर कोण आहे?”

“उघाडीवाला हाय ना. मेसेज आलाय आताच, ठीक म्हनून.”

“तो मेसेज खोटा आहे. डबा बंद पडल्यासारखा आहे. लोकांना बांधावर पाठवा. हाक द्या.”

त्यांनी परसात कोणाला तरी कुदळ काढायला सांगितलं. मग म्हणाले, “हाक ऐकायला मधी हाय कोन गो?”

जित्याला उतरून रिक्षाने जिथवर रस्ता जातो तिथवर गेले आणि पुढे बांधावरून पळत सुटले. लांबून बाबा दिसले, त्यांच्या वयाचे तिघे आणि चार बायका. घमेली, गोण्या, कुदळी. उघाडीपासून पन्नास पावलांवर उघाडीवाला बांधाच्या आतल्या उतारावर पाठ टेकून बसला होता. मला आधी वाटलं दमून बसलाय. जवळ गेल्यावर दिसलं की त्याच्या पाठीमागून पाणी येत होतं. सकाळी दहाच्या आधीच त्याला भोक दिसलं होतं. पेंढा कोंबला, चिखल कोंबला, अंगातला शर्ट कोंबला, आणि शेवटी स्वतःची पाठ लावली. दोन तास तो एकटा तसा बसून होता.

पाणी स्वच्छ येतं तोवर आशा असते. गढूळ आलं की समजावं, बांध आतून निघून चाललाय. बाबांनी वाकून ओंजळीत पाणी धरलं, बघितलं आणि त्याला दंडाला धरून ओढलं. “ऊठ. सोड आता.”

तो उठत नव्हता. दोघांनी ओढून वर घेतला. आवाजही फार मोठा झाला नाही. पाच हात रुंद माती खाली बसली, मग दहा हात, आणि खाडी आत आली. भातावरून पाणी पसरताना कणसं आधी थरथरतात, मग एका दिशेला कलतात, मग दिसत नाहीत. सगळ्यात आधी बाबांचं तळातलं शेत गेलं. मी तिथेच खाली बसले. उघाडीशी डबा खांबावर मजेत उभा होता. काचेवर तोच आकडा होता.

उघाडीवाला चिखलाने माखलेला, थंडीने कुडकुडत होता. त्याने माझ्याकडे न बघता बाबांना सांगितलं, “डब्यानं ठीक सांगितला. मना वाटला, मीच चुकतोय.”

तिसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. खूप वर्षांनी इतकी माणसं आली होती. शिफ्ट बुडवून पोरं आली होती. मी अष्टमीला परत गेले नव्हते, बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले होते. जुन्या रीतीप्रमाणे एकेकाने उठून सांगितलं. मग गावकीच्या अध्यक्षांनी उघाडीवाल्याला उभं केलं.

“डबा बिघडलाय, हे तुला कधी दिसला व्हता का?”

“दिसला व्हता.”

देवळात कुजबुज झाली.

“मग कोनाला सांगितलास का?”

त्याने मान वर केली. नजर पुरुषांच्या बाजूवरून फिरली आणि बायकांच्या बाजूला आली. माझ्यापाशी ती थांबली की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी खाली बघत होते.

“नाय,” तो म्हणाला. “कोनाला नाय सांगितला.”

“नक्की?”

“नक्की.”

हाच शब्द वैशाखात मी त्याच्या तोंडून काढून घेतला होता. आता उठायचं होतं. ‘मला सांगितलं होतं’, एवढे तीन शब्द बोलायचे होते. कंपनीचं काय होईल हे मनात आलं, बाबांनी याच देवळात उभं राहून माझं कौतुक केलं होतं ते मनात आलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी हे मनात आलं की तो स्वतःच नाही म्हणतोय. दुसऱ्यांदा विचारलं आणि ठीक आलं. झाकली मूठ तशीच राहिली. गावाने त्याला कामावरून काढलं. पोरं फार बोलली त्याला. एकजण म्हणाला, यांच्या भरवशावर गाव ठेवलं ही आपलीच चूक. तो पायरीवरच्या चपला हातात घेऊन बाहेर गेला.

त्या संध्याकाळी बाबा ओटीवर बसले होते. मी चहा दिला. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “तुला कोनी सांगितला व्हता का गो?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चहा निवला, त्यावर साय आली, त्यांनी तो तसाच प्यायला.

त्याच आठवड्यात मी प्रोग्राम दुरुस्त केला. वरातीमागून घोडं. आता तो एकदाच विचारतो. ‘नाही’ आलं तर दुसऱ्यांदा विचारत नाही, स्वतःच्या मनाने काही सावरत नाही. जुना आकडा ‘जुना’ म्हणूनच दाखवतो, आणि झालेली चूक जशीच्या तशी वर देतो. वरचा त्याच्या वरच्याला, असं करत थेट माणसाच्या मोबाईलपर्यंत. ‘ठीक’ हा शब्द आता कोणालाही दुसऱ्याच्या वतीने म्हणता येत नाही. दुरुस्ती सगळ्या डब्यांवर गेली, माहेरच्या डब्यात नवं कार्डही बसलं. ऑफिसात माझं कौतुक झालं. खालच्या कारखान्यात न विकलेले गणपती फळीवर होते, डोळे आखायचे राहिलेले. मी त्यांच्यासमोरून जिना उतरले आणि रस्त्यात उभी राहून रडले. कौतुकाचा पेढा हातात होता.

दिवाळीनंतर मी वाडीवर गेले. त्याच्या घराला बाहेरून काटक्या लावलेल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, सगळी गेली वीटभट्टीवर. कुठल्या, ते तिला माहीत नव्हतं. “आदी उघाडी व्हती तं जात नव्हता तो,” ती म्हणाली. मी तिला सांगितलं की मला त्याच्याशी बोलायचं होतं. तिने विचारलं, “काय काम व्हता?” 

पौष अमावस्येला मी पुन्हा माहेरी गेले. खांड बुजवून झाली होती, नवी माती अजून लाल दिसत होती. तळातलं शेत वाळून वर पांढरा थर आला होता. तिथे हरभरा नाही, वाल नाही, साधं गवतही नाही. बाबांचा गुडघा धरला होता, ते काठीशिवाय चालत नव्हते. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोघंच ओटीवर होतो. मी सांगून टाकलं. वैशाखात त्याने मला सांगितलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. गावकीत तो माझ्यामुळे खोटं बोलला.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मना म्हाईत हाय,” ते म्हणाले.

“कसं?”

“त्यानं आदी मनाच सांगितला व्हता. चैतात. मी म्हनलो, माझ्या पोरीनं केलाय डबा, तुझा डोला चुकत असंल. आनि वाटलाच तं तिलाच सांग, ती येनार हाय लग्नाला.” ते काठीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत होते. “मंग तू काय म्हनलीस, हे मी त्याला इचारलाच नाय.”

 बांधावर पहिल्या जागेवर बसणारा माणूस. मग माझा राग आला, नेहमीसारखा, चुकीच्या वेळी. “मग तुम्ही का नाही उठलात गावकीत?”

“तुझा नाव निघाला असता.”

“आणि त्याचं गेलं ते?”

त्यांनी मान हलवली. “त्या सांजला मी तुला इचारला. तू व्हय म्हनली असतीस तं दुसऱ्या दिशी मी उठलो असतो. दोगंपन उठलो असतो.” मग म्हणाले, “मी एकदाच इचारला. परत इचाराला पायजे व्हता.”

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. डब्याचा मेसेज होता. नव्या प्रोग्रामचा. दुरुस्तीनंतर ‘ठीक’ नसलेला पहिलाच.

“वाच,” ते म्हणाले.

मी वाचला. “‘नोंद कार्डावर उतरली नाही. पाण्याची उंची माहीत नाही. बांधावर माणूस पाठवा.’”

प्रोग्रामने आपलं काम चोख केलं होतं. भरतीला दीड तास होता. भाऊ शिफ्टवर, पोरं शिफ्टवर. गावकीने उघाडीवर दुसरा कोणी ठेवलाच नव्हता, डबा आता खरं सांगतो म्हणून. बाबा माझ्याकडे बघत होते, मी मोबाईलकडे.

“कोन मानूस?” त्यांनी विचारलं.

तो माणूस कुठल्याशा भट्टीवर विटा थापत होता आणि आम्हा दोघांना त्याचा पत्ताही माहीत नव्हता. बाबांनी काठीवर भार देऊन गुडघा सरळ केला. मी त्यांच्या चपला पुढे ठेवल्या, आणि आम्ही बांधाकडे निघालो.